सदाकाकाचा चेहरा

चेहरा हा मनाचा आरसा असतो, असं आमच्या शाळेच्या व्हरांड्यात निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, रत्नागिरीतल्या एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, मला कळलं की माझा चेहरा दोन चपात्यांचा आरसा आहे.

हे सांगणाऱ्या डॉक्टर अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञ होत्या. महिन्यातून एकदा कोल्हापूरहून यायच्या आणि परतीची घाई असल्यामुळे मोजकं बोलायच्या. रिपोर्ट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "गहू खाऊन नुसते बसलात तर तुम्हाला काही होत नाही. उपाशी चाललात तरी काही होत नाही. गहू खाऊन चाललात, की होतं. वेगवेगळे असतात तेव्हा दोघंही सज्जन. एकत्र आले की गुंड."

आजाराचं नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं. फूड डिपेंडंट एक्सरसाइज इंड्यूस्ड अ‍ॅनाफिलॅक्सिस. इतकी लांब नावं पूर्वी संस्थानिकांना असत. अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे खाजेवर न थांबता सगळ्या अंगभर भडकणारी अ‍ॅलर्जी. तीत घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. बाकीच्या शब्दांचा अर्थ एवढाच, की ती यायला आधी ठरावीक अन्न पोटात जावं लागतं आणि मग अंगाला श्रम पडावे लागतात.

शैला, माझी बायको, रडली. चार महिन्यांनी आजाराला नाव मिळालं, म्हणून ते सुटकेचं रडणं होतं. मी मात्र त्या खोलीत नव्हतो. मी नऊ वर्षांचा होतो आणि मंडणगडच्या पलीकडच्या आमच्या गावात, देवळासमोर, सदाकाकाच्या चेहऱ्याकडे बघत उभा होतो.

तिकडे जायच्या आधी चपात्यांचं सांगतो. ज्यांना हा लेख उपयोगी पडेल, त्यांना आधी चपात्या हव्यात.

आम्ही भात खाणारी माणसं. रोज भात, नाहीतर तांदळाची भाकरी. गव्हाला घरात सणाचा मान. गेल्या वर्षी तपासणीत माझी साखर सीमेवर आढळली. सीमेवरच्या गोष्टींबद्दल आपल्याकडे फार उत्साह असतो. आहारतज्ज्ञांनी छापील कागद दिला. भात बंद, चपाती सुरू. रोज पाऊण तास भरभर चाल. उपाशीपोटी चालू नये, चक्कर येईल. यातला प्रत्येक नियम आपापल्या जागी बरोबर होता. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो, छापील कागदावर माझा विश्वास आहे. सकाळी सहाला दोन चपात्या खाऊन मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या रस्त्याने चालू लागलो.

त्या रस्त्यावर चालणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्याला अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सल्लागार आणि एकसारखे टी-शर्ट आहेत. चालणारे त्या मानाने कमी. अध्यक्ष निवृत्त अधिकारी असल्यामुळे दर वळणावर थांबून दोन शब्द बोलतात.

गणपती होऊन गेले होते. चालायला लागून वीस मिनिटं झाली असतील. तळहात खाजू लागले. मग कान गरम झाले, मग ओठ आपले नाहीत असं वाटायला लागलं. अध्यक्षांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि निदान केलं.

"पित्त उठलंय. घरी जाऊन आमसूल चोळा."

"किडाबिडा चावला असेल का?" सचिवांनी विचारलं.

"मी पित्त म्हटलंय ना?" अध्यक्ष म्हणाले. विषय संपला.

मी घरी जाऊन आमसूल चोळलं. दोन तासांत सगळं उतरलं आणि श्रेय आमसुलाला गेलं. आपल्या भाषेत अंगावर गांधी उठल्या की त्याला पित्त म्हणतात. एकदा पित्त म्हटलं की तो आजार राहत नाही, स्वभाव होतो. स्वभावाला कोणी दवाखान्यात नेत नाही.

दुसऱ्या वेळी दिवाळी जवळ आली होती. चालून घरी आलो, पाय धुतले आणि आरशासमोर उभा राहिलो. उजवा डोळा मिटला होता. वरचा ओठ नाकाला टेकला होता. कपाळ पुढे आलं होतं. आरशात सदाकाका होता.

तो त्रेचाळीस वर्षांपूर्वी गेला. मी मान डावीकडे वळवली, त्यानेही वळवली.

शैलाने मोबाइलवर फोटो काढला. म्हणाली, "असू दे. दवाखान्यात पोचेपर्यंत परत राजबिंडे व्हाल, मग डॉक्टर मलाच वेड्यात काढतील." तो फोटो पुढे फार कामाला आला, डॉक्टरांकडे आणि आणखी एका ठिकाणी. तुमचा चेहरा सुजला तर लाजू नका, फोटो काढा.

नंतर प्रतीक्षागृहांचा काळ आला. चेहरा सुजला की आधी मूत्रपिंडं तपासतात, म्हणून क्रिएटिनिन. मग थायरॉइड. मग हृदयाचा आलेख. सगळं छान. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "याला अँजिओएडेमा म्हणतात." कातडीच्या आतल्या थराला येणारी सूज, हा त्याचा अर्थ. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती येते आणि मी तशीच एक गोळी घेत होतो. त्यांनी गोळी बदलली.

सहा आठवडे काही झालं नाही. बदललेल्या गोळीचं कौतुक झालं. त्या सहा आठवड्यांत शैला मुलीकडे पुण्याला गेली होती आणि मी आईने शिकवलेली तांदळाची पेज पिऊन चालायला जात होतो, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. शैला परत आली, चपात्या परत आल्या.

तिसऱ्या वेळी गुडघा दुखत होता, म्हणून चपातीबरोबर वेदनाशामक गोळीही घेतली. या गोळ्या असल्या अ‍ॅलर्जीला हात देतात, हे मला नंतर कळलं. एका बंद कारखान्याच्या फाटकापाशी घसा आवळला. आवाज बदलला. पोटात कळ आली आणि रस्ता वर येऊ लागला. तिथल्या रखवालदाराने मला धरून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं, रिक्षा थांबवली. रिक्षात मला एवढंच आठवतंय, की मी मरणाचा विचार करत नव्हतो. सदाकाकाला असंच वाटलं होतं का, एवढाच विचार करत होतो. त्याच्यासाठी कोणी रिक्षा थांबवली नव्हती. थांबवायला रिक्षाच नव्हती.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी एकही प्रश्न न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं. अ‍ॅड्रेनालिन. कोसळणारा रक्तदाब सावरणारं आणि घसा सोडवणारं औषध. पाच मिनिटांत श्वास मोकळा झाला. मग ते म्हणाले, "कुणी बसवलं तुम्हाला? असं झालं की आडवं करायचं, पाय वर. दम लागत असेल तरच टेकून बसवायचं. उभं तर अजिबात करायचं नाही." सूज परत उलटू शकते म्हणून चोवीस तास ठेवून घेतलं. निघताना कागदावर लिहून दिलं, अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना भेटा आणि तिन्ही वेळी आधीच्या चार तासांत काय खाल्लं ते आठवा. मी तीन ओळी लिहिल्या. तिन्हीत चपाती होती. रक्त मुंबईला गेलं आणि गव्हातल्या एका प्रथिनाचं नाव घेऊन परत आलं.

आता त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत परत येतो. रिपोर्ट समजावून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

मी सदाकाकाचं सांगितलं.

सदाकाका माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. शिमग्याला आमच्या गावात देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. ढोलाच्या तालावर, तासन्‌तास. काका त्यात पहिला. पालखी खांद्यावर आली की तो माणूस राहायचा नाही, असं म्हणायचे. त्या वर्षी नाचता नाचता त्याने पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर दिली आणि हात खाजवू लागला. मी पुढेच उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा त्याचे डोळे मिटत चालले होते. चेहरा फुगत होता आणि ढोल वाजतच होता. कोणीतरी म्हणालं, पित्त आहे, आमसूल आणा. आमसूल आणलं. ते चोळत असतानाच तो गेला.

दुपारी उलगडा झाला. नैवेद्य दाखवायच्या आधी काकाच्या पोटात पुरणपोळी गेली होती. देवाच्या आधी जेवायचं नाही आणि जेवून पालखीला खांदा द्यायचा नाही, हा नियम. "मी दिली," असं काकीने गावाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. ती चोवीस वर्षांची होती. गावकरांनी, म्हणजे आमच्या गावच्या पहिल्या मानकऱ्यांनी, गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, की देवाने शिक्षा केली. काकीला कोणी वाळीत टाकलं नाही. फक्त तिने नैवेद्याला हात लावायचा नाही, एवढं ठरलं. बाकीचं तिने स्वतःच ठरवलं. शिमग्यात पालखी दारोदार येते, बायका ओटी भरतात. आमच्या दारात पालखी आली की काकी मागल्या दाराने बाहेर जाऊन गोठ्यात बसायची. त्रेचाळीस वर्षं. त्या घरात पुरणपोळी पुन्हा झाली नाही.

या गोष्टीमुळे मी देवावर रुसलो, गावावर चिडलो, पुस्तकांकडे वळलो. माझ्या सगळ्या बुद्धिवादाच्या पायाशी सदाकाकाचा सुजलेला चेहरा आहे. आणि आता डॉक्टर मला सांगत होत्या, की जेवून पालखीला खांदा द्यायचा नाही.

त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं निदान मी करत नाही. हा आजार असा घराण्यातून सरळ उतरतोच असंही नाही. पण तुमच्या काकांच्या घरी गहू रोज असायचा?"

"वर्षातून एकदा."

"आणि एवढं नाचणं?"

"वर्षातून एकदा."

त्यांनी रिपोर्ट बंद केला. "शक्यता आहे," म्हणाल्या. "याहून जास्त मी म्हणणार नाही."

त्या शक्यतेने माझी झोप घेतली. काकी सत्तरीला टेकली आहे. तिला सांगायचं की नाही? देवाने मारलं नाही, हे सांगितलं तर सुटेल. पण मग कशाने मारलं, असं ती विचारेल आणि मला तिच्या पोळीचं नाव घ्यावं लागेल. देवाने शिक्षा केली असं मानणाऱ्या बाईला निदान देवाशी भांडता येतं. पोळीशी कोण भांडणार?

शैला म्हणाली, "त्रेचाळीस वर्षं गप्प होतात ना? आता काय घाई सुटलीय? तुम्हाला तिला सोडवायचंय की स्वतःला?"

मी गावच्या एसटीत बसलो.

काकी अंगणात सुपारी कातरत होती. चुलतभाऊ मुंबईला, त्याची बायको बाजाराला गेलेली. मी पायरीवर बसलो. चहा झाला. आजारी होतो असं सांगितलं. काय झालं होतं, असं तिने विचारलं, तेव्हा सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं म्हणून मी मोबाइलवरचा फोटो तिच्यासमोर धरला.

तिने अडकित्ता खाली ठेवला. मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली.

"ह्यांचा फोटो कुनी काढलान?" तिने विचारलं.

तिने पदराने काच पुसली.

"मला कुनी सांगितलान नाय, फोटो हाय म्हणून."

"काकी, तो मी आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, मग परत फोटोकडे. मग मी सगळं सांगितलं. चपात्या, चालणं, घसा, मांडीतलं इंजेक्शन. शेवटी गहू आणि नाचणं. शक्यता आहे, खात्री नाही, असं तीनदा म्हणालो. ग्रंथालयातली सवय. आणि मग म्हणालो, "तुझा दोष नाही, काकी. तू पोळी दिलीस ती प्रेमानं दिलीस. कुणालाच माहीत नव्हतं."

"मी नाय दिली," काकी म्हणाली.

"म्हणजे?"

"मी पान्याला गेले व्हते. परत येऊन बघते तर दोन पोळ्या कमी. त्यांनी आपल्या हातानं घेतलानी. भूक सोसायची नाय त्यांना."

"मग तू बैठकीत सांगितलंस ते?"

"मग काय सांगू? देवाच्या पानातलं चोरून खाल्लानी म्हणू? मेलेला मानूस. त्याला चोर म्हणले असते जन्मभर. मी जिती व्हते, मला बोलले तर काय झिजनार व्हतं?"

त्रेचाळीस वर्षं मी या बाईची कीव करत आलो होतो.

"मंग मधू," ती म्हणाली, "ह्यांना देवानं नाय मारलान?"

"नाही."

"नक्की?"

"देवाचं नक्की."

काकीने अडकित्ता उचलला. "अरे द्येवा," ती म्हणाली. "येवढी वरसं उगाच शिव्या घातल्या त्याला."

त्यानंतर ती रडली. मोबाइल परत मागितला आणि तो फोटो पुन्हा बघितला. काकाचा एकही फोटो त्या घरात नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. "ह्यो मला काढून दे," म्हणाली. मी तिला माझाच चांगला फोटो देतो म्हटलं. तो तिला नको होता.

पोळ्यांची गोष्ट गावात सांगायची नाही, असं तिने बजावलं. मग मी लिहिणार होतो त्याचं काय, असं विचारलं. म्हणाली, "लिव. गावात कोन वाचतंय?"

गावकरांना मी फक्त आजाराचं सांगितलं. आताचे गावकर म्हणजे तेव्हाच्यांचा मुलगा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि समाधानाने मान हलवली. "म्हंजे जेवून नाचू नये हेच खरं," तो म्हणाला. "आमचा देव पयल्यापासून सांगतोय. तुमचे डॉक्टर आता आले." याच्याशी वाद कसा घालायचा, ते मला कोणत्याच पुस्तकात सापडलेलं नाही. पण नैवेद्याला हात न लावण्याची अट तेवढी त्याने मागे घेतली. देवाची हरकत नाही म्हणाला. देवाला विचारलं कधी, ते सांगितलं नाही.

ज्यांचा चेहरा चालून, पळून, नाचून सुजतो, त्यांच्यासाठी थोडं. पित्त म्हणून सोडू नका. आधी काय खाल्लं ते लिहून ठेवा. गहू असेल, कोलंबी असेल, दुसरंही काही असेल. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम करू नका. तळहात खाजू लागले की तिथेच थांबा, घर गाठायचा प्रयत्न करू नका. एकटे चालू नका. मी आता पेज पिऊन चालतो. खिशात अ‍ॅड्रेनालिनची कुपी आणि सुई असते, शैलाला ती टोचायला शिकवली आहे आणि ती जरा जास्तच उत्सुक आहे. मंडळाच्या अध्यक्षांना मी सगळं समजावलं. त्यांनी या विषयावर दोन शब्द बोलायचं ठरवलं आहे. गव्हाबद्दल डॉक्टर म्हणाल्या, "खायचाच असेल तर घरी बसून. नंतर सहा तास श्रम नाहीत. चढ तर नाहीच."

आरशाची भीती अजून गेलेली नाही. दाढी करताना मी अजून मान डावीकडे वळवून बघतो, की तो वळवतो का.

यंदाच्या शिमग्याला गावी गेलो. पालखी आमच्या दारात आली तेव्हा मी गोठ्याकडे बघितलं. गोठा रिकामा होता. काकी नवं लुगडं नेसून दारात उभी होती. तिने ओटी भरली. नाचणाऱ्यांकडे बघून एवढंच म्हणाली, "जेवलाव न्हाय ना रं कुनी?" सगळे हसले. ती हसली नाही. पालखी जाईपर्यंत ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होती.

दुपारी तिने पुरणपोळी केली. त्रेचाळीस वर्षांनी. पुरण जरा सैल झालं होतं. पहिली पोळी देवाला, दुसरी सदाकाकाच्या नावाने बाहेर, तिसरी माझ्या पानात. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "खा. आनि बस हितंच. हललास तर बघ." मी दोन खाल्ल्या. तिने उंबऱ्यात पाट घेतला आणि माझ्यावर लक्ष ठेवून बसली. इतक्या प्रेमाने आणि इतक्या संशयाने मला आजवर कोणी जेवू घातलेलं नाही. त्या क्षणी मला वाटलं, की काहीतरी फार मोठं, फार जुनं, पूर्ण झालं.

जेवण दोन वाजता झालं. शेवटची एसटी पावणेपाचला होती आणि थांबा देवळामागचा चढ चढून गेल्यावर आहे. ती चुकली.